कमावत्याचे पत्र : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील एक दुर्लक्षित दप्तर

इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, शिलालेख, सनदा आणि सरकारी दप्तरे यांचा विचार करण्याचा परिपाठ आपल्याकडे रूढ आहे. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्याचा इतिहास या साधनांत शोधू गेल्यास तो बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतूनच भेटतो. महसुलाच्या नोंदीत तो कोतवाल असतो, जनगणनेत आकडा असतो आणि दुष्काळाच्या अहवालात मदतकामावरचा मजूर असतो. त्याने स्वतः लिहिलेला, अथवा सांगून लिहवून घेतलेला मजकूर फार थोड्या ठिकाणी उरला आहे. कामासाठी परगावी गेलेल्या कमावत्याने घरी धाडलेले पत्र हे त्यांपैकी एक ठिकाण होय. प्रस्तुत लेखात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या पत्राचा इतिहास, त्याचे स्वरूप आणि बौद्ध गृहस्थधर्माच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

गाव सोडण्याची कारणे

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा हा इंग्रजी अमलाखालील जिल्हा बनला. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वेकडील वनप्रदेश वेगळा काढून गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. धान, बोडी आणि जंगल यांवर उभे असलेले हे जीवन बाहेरून स्वयंपूर्ण दिसते. प्रत्यक्षात धानाची रोवणी आणि कापणी यांचे दिवस संपले की भूमिहीन कुटुंबाच्या हाताला काम उरत नसे. विदर्भातील महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा पूर्वापार होता. गिरणीचे कापड आले आणि मागावरचे पोट सुटले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांतातील गरिबांचा उरलासुरला आधारही काढून घेतला.

याच काळात रोख मजुरीची नवी ठिकाणे उभी राहत होती. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि पुढील काळात तेथील कामगारवर्गात महार समाजाची संख्या लक्षणीय राहिली. खुद्द चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली. ती बंद पडत असतानाच बल्लारपूरची खाण सुरू झाली आणि घुग्गुस, माजरी, राजुरा या बाजूंना कोळशाचे काम वाढत गेले. १९४५ साली बल्लारपूरच्या कागद गिरणीची स्थापना झाली. तिला लागणारा बांबू याच जंगलातून येत असे. भद्रावतीचा आयुधनिर्माणी कारखाना, चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने ही त्यानंतरची भर होय. जंगलातही कूपातील लाकूडतोड, बांबूकटाई आणि उन्हाळ्यातील तेंदूपान तोडणी यांसाठी माणसे आठवडेच्या आठवडे गावाबाहेर राहत.

येथे खाणकामाच्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करू देण्यास १९२९ च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने प्रतिबंध घालण्यात आला आणि १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. युद्धकाळात, १९४३ मध्ये, ती मध्यप्रांतासह काही प्रांतांत उठविण्यात आली व १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या खाणींना भेट दिली. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांच्या कारकीर्दीत सुधारणा झाली आणि १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीची सोय करण्यात आली. स्त्रीचे भूगर्भातील जीवघेणे कष्ट थांबणे इष्टच होते. मात्र जोडीने मिळणारी मजुरी थांबली आणि खाणीजवळ कुटुंबाला राहण्याजोगे घर नाही, अशा अवस्थेत पुरुषाने खाणीवर आणि स्त्रीने गावी राहावे, ही विभागणी अधिक घट्ट होणे क्रमप्राप्त होते. पत्राची गरज या विभागणीतून जन्मास आली.

कार्ड, कुपन आणि अंगठा

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा होती. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, मनिऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. या दोन सोयींनी गरिबाच्या संसाराचे रूप पालटले. तोवर परगावच्या मिळकतीतील पैसा घरी पोचविण्यासाठी गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसावर विसंबावे लागे. आता पैसा सरकारी पावतीने दारापर्यंत येऊ लागला.

मनिऑर्डरच्या फॉर्मची रचना पाहण्यासारखी होती. रक्कम, पाठविणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता यांखेरीज त्यात संदेशासाठी एक लहानसा तुकडा असे. पोस्टमन पैसे मोजून देताना तो तुकडा घेणाऱ्याच्या हाती ठेवी. घेणाऱ्याची सही अथवा साक्षीदारासमोर उठविलेला अंगठा असलेली पोच पाठविणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे एकाच कागदाचे दोन भाग दोन घरांत राहत. गावातील पेटीत पतीचे चार शब्द आणि खाणीवरच्या खोलीत पत्नीचा अथवा पित्याचा अंगठा. अक्षर न येणाऱ्या माणसाचे पत्रोत्तर या अंगठ्यापुरते असे, आणि तेवढ्याने त्याचे समाधान होई, कारण घर जागेवर आहे, पैसा पोचला आहे, घेणारे हात हयात आहेत, एवढे त्यातून कळत असे.

संदेशाची जागा दोन-तीन ओळींपुरती असल्याने मजकूर सोन्यासारखा तोलून लिहावा लागे. अमुक सावकाराला इतके द्यावे, बियाण्याला इतके ठेवावे, मुलाला शाळेत घालावे, म्हातारीला औषध आणावे, रोवणीला येता येणार नाही. अशा कुपनांचा संच कोणा कुटुंबात वर्षानुवर्षांचा सापडला, तर त्यातून त्या घराचे कर्ज, आजारपण, शिक्षण आणि शेतीचे दिवस यांचा क्रमवार आलेख काढता येतो. सरकारी अहवालातील मजुरीचे दर आपल्याला माणसाने काय मिळविले ते सांगतात. त्यातले घरी किती गेले आणि कशासाठी गेले, हे सांगणारा कागद मात्र हाच.

भूगोलाचाही या पत्रव्यवहारावर मोठा परिणाम होता. गोंदिया ते चांदा फोर्ट ही लोहमार्गाची वाट नागभीडवरून जाते, आणि गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला अनेक दशके वडसा हे एकच रेल्वे स्थानक होते. तेथून पुढे मोटार, बैलगाडी आणि पायवाट. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जूनमध्ये निघालेले कार्ड दुथडी नदीच्या अलीकडे अडकून पडे, आणि 'पत्र नाही' याचा अर्थ नदी वाहते आहे की माणूस उरला नाही, हे ठरविण्याचे साधन घरच्यांपाशी नसे.

वाचणारा तिसरा

पतीने लिहावे आणि पत्नीने वाचावे, ही पत्राची कल्पना शिक्षित घरांतील आहे. या प्रदेशातील पत्र पुष्कळदा चौघांचे असे. सांगणारा एक, खोलीवरचा लिहिणारा दुसरा, गावातील वाचणारा तिसरा, आणि ऐकणारी चौथी. वाचणारा कधी शाळामास्तर असे, कधी पोस्टमन, कधी शेजारचा चौथीतला मुलगा. तिसऱ्याच्या तोंडून चारचौघांत ऐकावयाच्या पत्रात मनातले काही लिहिणे शक्य नव्हते. त्यातच पतीने पत्नीचे नाव न घेण्याची रीत. परिणामी पत्राचा मायना वडिलांच्या अथवा वडील भावाच्या नावे असे, मनिऑर्डरही बहुधा त्यांच्याच नावे जाई, आणि पत्नीचा उल्लेख शेवटच्या ओळीत 'अमक्याच्या मायने प्रकृतीस जपावे' एवढाच येई. पत्रे वाचताना अशी शेवटची ओळ दुर्लक्षून चालणार नाही. सबंध पत्रातील खाजगी असे काही असेल, तर ते तेवढेच होते.

सीमाभागात आणखी एक पदर होता. सिरोंच्याकडे तेलुगू बोलीभाषा, एटापल्ली-भामरागडकडे माडिया. घरात गोंडी वा माडिया बोलणाऱ्या माणसाला आपले सांगणे मराठीत अथवा हिंदीत घालून घ्यावे लागे. अर्थात लिहिणाऱ्याच्या हाती मजकूर जाताना एकदा आणि वाचणाऱ्याच्या तोंडून उतरताना पुन्हा एकदा, असा त्याचा दोनदा अनुवाद होई.

या परिस्थितीत स्त्रीने स्वतः अक्षर शिकणे म्हणजे आपल्या संसाराचा कागद परक्याच्या हातून सोडवून घेणे होते. नागपुरात किसन फागोजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अस्पृश्य मुलींच्या शिक्षणास हात घातला. पूर्वायुष्यात कामठीकडे ओझी वाहण्याची मजुरी केलेल्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली आणि हजारो स्त्रिया तिला उपस्थित राहिल्या. स्त्रीशिक्षणाच्या या चळवळीचे फळ आपण पदव्यांच्या संख्येत मोजतो. पतीचे पत्र एकटीने, दार लोटून, वाचता येणे हेही त्याचेच फळ होय, आणि ते पदवीपेक्षा कितीतरी अधिक घरांत पोचले.

जोहारापासून जयभीमपर्यंत

जुन्या मराठी पत्राचा मायना हा समाजव्यवस्थेचाच आरसा होता. माथ्यावर 'श्री', मग कोणाला शिरसाष्टांग नमस्कार, कोणाला आशीर्वाद, कोणाला नुसती ताकीद. महाराच्या वाट्याला 'जोहार' हा शब्द ठेवलेला होता. तो उच्चारताच बोलणाऱ्याची पायरी ठरत असे. 'जयभीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९०४ मध्ये जन्मलेले आणि १९३९ मध्ये अकाली निवर्तलेले हरदास हे विडी कामगारांचे संघटक होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले होते. विडीचे पान चांद्याच्या जंगलातले, विडी वळणारा हात कामठीचा, आणि अभिवादनही त्याच कामगारवस्तीतून निघालेले, हा योग अभ्यासकांनी नोंदवावा असा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. चंद्रपूरच्या समारंभाच्या उभारणीत बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा पुढाकार होता. दीक्षेनंतर विहारे उभी राहिली, नावे बदलली, विवाहविधी बदलले, हे सर्वज्ञात आहे. पत्राचा माथाही बदलला, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. वडिलांना, भावाला, मित्राला आणि पत्नीलाही एकच 'सप्रेम जयभीम' लिहिला जाऊ लागला. ज्या मायन्यात पूर्वी प्रत्येकाची पायरी वेगळी होती, त्यात सारे एका ओळीत आले. समतेचे तत्त्व ग्रंथातून घरात कसे उतरते, याचा इतका साधा पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. एखाद्या कुटुंबात १९५६ च्या आधीची आणि नंतरची पत्रे एकत्र जपलेली असतील, तर त्यांतील मायन्यांची तुलना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा.

गृहस्थधर्माची कसोटी

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पती आणि पत्नी यांची परस्परांविषयीची पाच-पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिची अवहेलना करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्याकडे सोपवावा आणि तिला अलंकार द्यावेत. पत्नीने कामाची नीट व्यवस्था लावावी, आप्तेष्टांचे आतिथ्य करावे, एकनिष्ठ राहावे, पतीने मिळविलेल्याचे रक्षण करावे आणि सर्व कर्तव्यांत दक्ष असावे. याच सुत्तात मिळकतीच्या चार वाटण्यांचाही उपदेश आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगासाठी आणि चौथा भाग आपत्काळासाठी.

मनिऑर्डरच्या प्रकाशात या उपदेशाकडे पाहिले असता दोन कर्तव्ये ठळकपणे समोर येतात. मिळविलेल्याचे रक्षण हे पत्नीचे कर्तव्य आहे आणि अधिकार सोपविणे हे पतीचे. पालीत या दुसऱ्या कर्तव्याला 'इस्सरियवोस्सग्ग' अशी संज्ञा आहे. ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली आहेत. ज्या पैशावर जिचा अधिकार नाही, त्याचे रक्षण तिने कसे करावे? मनिऑर्डर दिराच्या नावे, निर्णय सासऱ्याचा आणि उधारी मात्र तिच्या पदरी, अशी स्थिती जेथे होती तेथे सुत्तातील पत्नीधर्म तिच्याकडून वसूल केला गेला आणि पतिधर्म मात्र थकला, असेच म्हणावे लागते. उलट ज्या घरी पतीने पुढे मनिऑर्डर पत्नीच्या नावे धाडावयास आरंभ केला, तेथे पाठविणाऱ्याने सुत्त ऐकलेले असो वा नसो, धम्माचरण घडले. फॉर्मवरील घेणाऱ्याच्या नावाचा रकाना म्हणूनच संशोधकाने प्रथम पाहावा.

अंगुत्तरनिकायातील नकुलपिता आणि नकुलमाता यांची कथाही येथे आठवते. भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे राहणारा नकुलपिता गंभीर आजारी पडतो. आपल्यामागे संसाराचे काय, ही चिंता त्याला ग्रासते. तेव्हा नकुलमाता त्याला धीर देते. आपण कापूस कातण्यात आणि लोकर विंचरण्यात कुशल आहोत, मुलांचे पोषण आणि घराचा सांभाळ आपण करू, त्याने काळजी मनात घेऊन मरण पत्करू नये. नकुलपिता बरा होतो, आणि असा उपदेश करणारी पत्नी लाभल्याबद्दल भगवान त्याला भाग्यवान म्हणतात. कमावता दूर असताना, अंथरुणाला खिळला असताना अथवा खाणीत दगावला असताना, घर प्रत्यक्षात कोणाच्या हातांवर उभे असते, हे या सुत्ताने स्पष्टपणे सांगितले आहे. झाडीपट्टीतील ज्या स्त्रियांनी रोवणी केली, मोहफुले वेचली, तेंदूपाने तोडली आणि मनिऑर्डर येईतो चूल पेटती ठेवली, त्या नकुलमातेच्याच परंपरेतील होत. पतीची पत्रे आपल्याला या कष्टांची केवळ सावली दाखवितात, कारण तिचे उत्तर बहुधा लिहिलेच गेले नाही.

रमाईंचे उदाहरण

बौद्ध समाजाच्या स्मृतीत दूरदेशी गेलेल्या पतीची आणि मागे राहिलेल्या पत्नीची सर्वांत मोठी कथा बाबासाहेब आणि रमाई यांची आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि १९१७ मध्ये परतले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेल्या पैशांत इतरांच्या साहाय्याची भर घालून ते १९२० मध्ये लंडनला गेले व १९२३ मध्ये परत आले. ते पैसे मिळविण्यासाठी गेले नव्हते, विद्येसाठी गेले होते. तरीही घरी राहिलेल्या स्त्रीच्या दृष्टीने पाहता परिस्थिती तीच होती: परळच्या चाळीतील खोल्या, अपुरा पैसा, मुलांची आजारपणे, आणि बोटीच्या टपालाने आठवड्यांनी येणारी पत्रे. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे वाचले. २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९४० मध्ये, बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला. तिच्या मनाचे मोठेपण, चारित्र्याची निर्मळता आणि मित्रहीन, विवंचनेच्या दिवसांत आपल्यासोबत सोसण्याची तिची तयारी यांचा त्यांनी तेथे कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. राजकारणावरील एका वादग्रस्त ग्रंथाच्या प्रथम पानावर पत्नीच्या सोसण्याची जाहीर नोंद करणे ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. पतिधर्मातील 'सन्मान' तो हाच. हजारो कमावत्यांना जे चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कार्डावर लिहिता आले नाही, ते येथे साऱ्या जगासमोर लिहिले गेले.

आजची स्थिती आणि विहारांचे काम

परगावी जाणे संपलेले नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीतील मजूर आजही हंगामात मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतील अनेकांनी जंगलवाटांनी, नदी ओलांडून, पायी घर गाठले. आता जोडपी आणि मुलेही सोबत जातात, पैसा बँकेच्या खात्यात जमा होतो आणि खुशाली मोबाइलवर कळते. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. मनिऑर्डरचा जुना कागदी फॉर्मही इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेपुढे मागे पडून २०१५ च्या सुमारास इतिहासजमा झाला. सोय वाढली याचा आनंदच आहे. मात्र बोलणे हवेत विरते, आणि उद्याच्या अभ्यासकाला आजच्या मिरची मजुराच्या हातचा एकही कागद मिळणार नाही. म्हणून जे कागद अजून उरले आहेत, त्यांचे मोल दुपटीने वाढते.

ते झपाट्याने नष्ट होत आहेत. वाळवी, गळके छप्पर आणि घर पाडून नवे बांधताना होणारी आवराआवर यांत पेट्या रित्या होतात. गावोगावची विहारे आणि त्यांना जोडलेल्या अभ्यास संस्था यांनी हे काम हाती घ्यावे. पद्धत साधी ठेवावी. कुटुंबाच्या संमतीने पत्राचे छायाचित्र घ्यावे व मूळ कागद घरीच राहू द्यावा. टपालाच्या शिक्क्यावरील गाव आणि तारीख, घेणाऱ्याचे नाव, मायना, रक्कम व तिचा हेतू, आणि पत्र कोणी लिहिले, कोणी वाचून दाखविले, याची नोंद करावी. घरच्यांना जे उघड करावयाचे नसेल, ते उघड करू नये. त्याबरोबरच ज्या वृद्ध स्त्रियांनी ही पत्रे ऐकली, त्यांनी काय उत्तर दिले असते, हे त्यांच्याच तोंडून विचारून लिहून घ्यावे. हे दुसरे काम अधिक निकडीचे आहे. कागद पेटीत आणखी काही वर्षे तग धरतील. ज्यांच्या स्मरणात उत्तरे आहेत, त्या आज वयाच्या ऐंशीपलीकडे आहेत.